बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडताना: कायदा काय देतो आणि ते मिळवायला काय लागतं

बालगृहात राहणाऱ्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तो बालक उरत नाही, आणि बालगृह तर बालकांसाठीच असतं. म्हणून त्याला तिथून निघावं लागतं. आयटीआयचं एक वर्ष शिल्लक असेल, नर्सिंगचा प्रवेश नुकताच झाला असेल, तरी तारीख थांबत नाही. ती तारीखही पुष्कळदा अंदाजाचीच असते. समजा, सोलापूर स्टेशनवर पाच-सहा वर्षांचं पोर एकटं सापडलं आणि त्याला आपला जन्मदिवस सांगता आला नाही. मग शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला शोधला जातो. दोन्ही नसतील तर वैद्यकीय चाचणीवरून वय ठरतं आणि बाल कल्याण समितीने, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने, जे वय नोंदवलं तेच कायद्याने खरं मानलं जातं. म्हणजे डॉक्टरांनी बारा वर्षांपूर्वी हाडं तपासून काढलेल्या अंदाजावर आज एका मुलाच्या डोक्यावरचं छप्पर अवलंबून असतं.

घरातलं पोर अठराचं झालं म्हणून कुणी त्याची पिशवी भरून दारात ठेवत नाही. ते पुण्याला शिकायला गेलं तरी दर महिन्याला पैसे जातात. दिवाळीला ते घरी येतं. आजारी पडलं तर आई मिळेल ती एसटी पकडते, आणि नोकरी सुटली तर चार महिने घरी पडून राहता येतं. संस्थेतून निघालेल्या मुलाला यातलं काहीच आपोआप मिळत नाही. ही उणीव थोडीतरी भरून निघावी म्हणून जी व्यवस्था केली आहे तिला कायद्याच्या मराठीत अनुरक्षण म्हणतात. कचेरीत आणि संस्थांत सगळे आफ्टरकेअर म्हणतात, मीही तेच म्हणेन. या व्यवस्थेला कायदा आहे, नियम आहेत, पैशांची तरतूद आहे. पण अठरा पूर्ण झाल्यावर तिच्या मागे धावायला सुरुवात केली तर ती सहसा हाती लागत नाही. तयारी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच सुरू व्हावी लागते, आणि हे संस्थेबाहेरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

ही मुलं कोण असतात

संस्थेतली मुलं म्हणजे अनाथ मुलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेकांचे आई किंवा वडील, कधी दोघंही हयात असतात. बाप गेला, आई विड्या वळून किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरून चार जणांचं पोट भरू शकत नाही, म्हणून मधली दोन मुलं बालगृहात येतात. आईबाप ऊसतोडीला जातात आणि मागे सांभाळणारं कुणी उरत नाही. घरात दारू आणि मारहाण असते. मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्यांतून घर सोडलेली मुलं सोलापूरला उतरतात किंवा उतरवली जातात. आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात चुकलेलं किंवा मुद्दाम सोडून दिलेलं मूल असतं. कुणी अत्याचारातून सोडवलेलं असतं, कुणी बालविवाह थांबवून आणलेली मुलगी असते.

हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, कारण सरकारी योजनांत अनाथ कुणाला म्हणायचं याची व्याख्या ठरलेली आहे आणि आई जिवंत असलेलं मूल तीत बसत नाही. ती आई दहा वर्षांत एकदाही भेटायला आलेली नसली तरी.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हे काम नवं नाही. प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. विधवांची आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांची मुलं मरू नयेत हा त्यामागचा हेतू होता. पुढे तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. लहान मुलाला आसरा द्यायला हवा ही जाणीव इथे दीडशे वर्षांपासून रुजलेली आहे. तेच मूल मोठं झाल्यावरही त्याला कुणीतरी लागतं, ही जाणीव कायद्यात यायला मात्र फार वेळ लागला, आणि समाजात ती अजून पुरती आलेली नाही.

कोण काय ठरवतं

बाल न्याय कायदा २०१५ चा आहे, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला आणि २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासारखे अधिकार असतात आणि महिन्यातून किमान वीस दिवस तिने बसायचं असतं. मूल संस्थेत ठेवायचं की नाही, कुठल्या संस्थेत, किती काळ, घरी कधी पाठवायचं, हे सगळं समितीच्या लेखी आदेशाने होतं. संस्थांमध्ये सगळे त्याला नुसतं ऑर्डर म्हणतात. हा कागद मुलाच्या पुढच्या आयुष्यात जन्मदाखल्याइतकाच लागतो.

दुसरी कचेरी म्हणजे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय आणि त्याच्याशी जोडलेला जिल्हा बाल संरक्षण कक्ष. समिती आदेश देते, कक्ष तो अमलात आणतो, निधीचं काम बघतो, मुलाचा पाठपुरावा करतो. हा कक्ष जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालतो. तिसरी जागा म्हणजे संस्था स्वतः: अधीक्षक, समुपदेशक, बाल कल्याण अधिकारी आणि रोज मुलांबरोबर असणारे काळजीवाहक.

ज्या मुलांच्या हातून गुन्हा घडला आहे त्यांचं प्रकरण समितीपुढे न जाता बाल न्याय मंडळापुढे जातं. आफ्टरकेअर मात्र त्यांनाही मिळू शकतं. कायद्याने त्यांना नव्याने सुरुवात करण्याचा हक्क दिला आहे आणि लहानपणीच्या त्या प्रकरणामुळे पुढे नोकरीत अपात्र ठरवलं जाऊ नये, असंही म्हटलं आहे. अतिशय गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या सोळा वर्षांवरच्या मुलाला तेवढं ते संरक्षण नाही.

आफ्टरकेअरमध्ये नेमकं काय मिळतं

कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे अठरा पूर्ण करून संस्थेतून निघणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येते. ही मदत एकवीस वर्षांपर्यंत आहे, अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत वाढवता येते. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कायद्याने सरकारला अशी मदत देण्याची मोकळीक दिली आहे, सक्ती केलेली नाही. मागितली नाही, शिफारस झाली नाही, तर ती कुणी घरपोच आणून देणार नाही.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून आफ्टरकेअरसाठी महिना ४,००० रुपये ठरवले आहेत. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. पैसे थेट त्या तरुणाच्या बँक खात्यात जमा व्हायचे असतात.

पण आफ्टरकेअर म्हणजे फक्त हे चार हजार नव्हेत. या कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत आणखी बरंच लिहिलेलं आहे. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती सोय, प्रशिक्षण चालू असताना विद्यावेतन किंवा उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी लागेपर्यंत आधार, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, स्वतःचा धंदा काढायचा असेल तर कर्ज मिळवायला मदत. यातली सहा-आठ जणांच्या घराची कल्पना मला सगळ्यांत मोलाची वाटते. एकाच बालगृहात वाढलेले चार मित्र जुळे सोलापूरला एक घर भाड्याने घेऊन राहतात, कक्षाचा माणूस आठवड्यातून एकदा डोकावतो, एकाला ताप आला तर दुसरा सिव्हिलला घेऊन जातो. एवढ्याने किती गोष्टी सावरतात! असं घर उभं करायला नियम आड येत नाहीत. लागते ती एखादी संस्था, एक घरमालक आणि कक्षाचा पाठपुरावा.

मोठी सरकारी अनुरक्षणगृहंही असतात, पण ती प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. तिथे जायचं म्हणजे सोलापूर सोडायचं: कॉलेज, काम शिकत असलेलं गॅरेज, शाळेतले सोबती, सगळं मागे टाकून. काहींना ते जमतं. काहींसाठी ती आणखी एक ताटातूट असते.

दोन महिने आधीचा कागद

संस्थेत आलेल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करायचा असतो. त्याची तब्येत, शिक्षण, आवड, घरचं कोण आहे, पुढे काय करायचं, हे सगळं त्यात येतं आणि वेळोवेळी तो अद्ययावत करायचा असतो. मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी बाल कल्याण अधिकाऱ्याने किंवा समाजसेवकाने बाहेर पडल्यानंतरचा आराखडा समितीपुढे ठेवायचा असतो आणि त्यात आफ्टरकेअरची शिफारस करायची असते. त्यावर समितीचा आदेश होतो आणि पुढची सगळी चाकं त्या आदेशावर फिरतात.

हा कागद वेळेत गेला नाही तर मुलगा अठरा पूर्ण करून बाहेर पडतो आणि मग त्याच्या वतीने धावपळ करणारं कुणी राहत नाही. तो भाड्याच्या खोलीवर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बारा तासांच्या पाळीत, आणि त्याची फाइल कपाटात.

आणखी एक गोष्ट घडते. मूल साडेसतराचं झालं की 'घरचं कुणी आहे का बघा' अशी घाई सुरू होते. कुठल्याशा काकांचा किंवा मामांचा पत्ता लागतो आणि मुलाला तिकडे पाठवून दिलं जातं. कागदावर ते कुटुंबात पुनर्वसन. कुटुंबात परतणं हे कायद्याचंही पहिलं उद्दिष्ट आहे आणि जिथे प्रेमाने स्वीकारणारं घर आहे तिथे ते व्हायलाच हवं. पण घाईने झालेल्या अशा परतीत दोन महिन्यांत भांडण होऊन मुलगा रस्त्यावर आला, तर आफ्टरकेअरचा दावा करणं अवघड होऊन बसतं, कारण तो अठरा पूर्ण करून संस्थेतून निघालेला नसतो. म्हणून घरी पाठवण्याचा निर्णय मुलाला विचारून, त्या घराची नीट चौकशी करून आणि नंतरच्या भेटी ठरवूनच व्हावा.

कागदपत्रं: इथेच सगळं अडतं

घरात वाढलेल्या मुलाची कागदपत्रं आईच्या लोखंडी कपाटात एका पिशवीत असतात. संस्थेतल्या मुलाची ही पिशवी कुणीतरी जाणीवपूर्वक तयार करावी लागते, आणि तिला वर्षं लागतात.

आधारपासून सुरुवात करू. मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमुखाच्या दाखल्यावर मुलाचं आधार निघतं. पण पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. पंधराव्या वर्षीची राहिली की अठराव्या वर्षी बँकेत किंवा सिमकार्डच्या दुकानात अंगठा जुळत नाही, आणि खातं उघडायलाच अडचण येते. त्यात पत्ता संस्थेचा. संस्था सुटली की तो पत्ता त्याचा राहत नाही, आणि नवा पत्ता टाकायला भाडेकरार लागतो, जो घरमालक करून देत नाहीत.

नावाचा घोळ वेगळाच. समितीच्या आदेशात एक नाव, शाळेच्या हजेरीपटावर दुसरं, आधारवर तिसरं. कुठे आडनाव नाही, कुठे वडिलांच्या नावाची जागा कोरी. दहावीचा फॉर्म भरण्याआधी हे सगळं एकसारखं करून घ्यावं, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर जे नाव पडतं ते नंतर बदलायला फार खेटे घालावे लागतात.

जातीचा दाखला वडिलांकडच्या नात्यातल्या कागदांवर मिळतो. आपल्या जिल्ह्यात पारधी, कैकाडी, वडार, बंजारा अशा समाजांतली मुलंही संस्थांमध्ये येतात. विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पालावर वाढलेल्या कुटुंबाकडे १९६१ चा कागद कुठून येणार? तरी आजोबांचं शाळेतलं नाव किंवा गावातली एखादी जुनी नोंद सापडू शकते, पण ती शोधायला कुणीतरी मोठं माणूस तहसीलला चार वेळा जायला हवं. सतरा वर्षांचं मूल संस्थेत बसून हे करू शकत नाही.

ज्यांचे दोन्ही पालक हयात नाहीत त्यांच्यासाठी अनाथ प्रमाणपत्र असतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातून पुढे जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात, म्हणजे सोलापूरसाठी पुण्याहून. या एका कागदावर बरंच काही आहे. २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आणलं. ६ एप्रिल २०२३ च्या निर्णयात त्याचे संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन वर्ग केले, म्हणजे संस्थेत वाढलेली मुलं आणि नातेवाइकांकडे वाढलेली मुलं. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने या दोन्ही वर्गांतल्या मुलामुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. तंत्रशिक्षण परिषदेची स्वनाथ नावाची शिष्यवृत्तीही आहे, पदवी आणि पदविकेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५०,००० रुपये.

आणि ज्या मुलाची आई हयात आहे पण कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, ते या सगळ्याच्या बाहेर राहतं. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला इंजिनिअरिंग फुकट आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं घडू शकतं. मला हा अन्याय वाटतो. मदत मिळावी ती मूल संस्थेत वाढलं या गोष्टीवर, आईबापांच्या मृत्युदाखल्यावर नव्हे. तोवर अशा मुलांसाठी जात, उत्पन्न आणि आफ्टरकेअर यांतून मिळेल ते मिळवत राहणं एवढंच हातात आहे.

चार हजारांत महिना

सोलापूर पुण्याच्या मानाने स्वस्त, हे खरं. तरी खोलीतला वाटा, दोन वेळची मेस, मोबाइलचा रिचार्ज आणि कॉलेजला जायचा खर्च धरला की चार हजार महिना संपायच्या आत संपतात. हप्ता लांबला तर मेसवाला थांबत नाही. म्हणून आफ्टरकेअरचे पैसे पूर्ण आधार आहेत असं समजू नये. त्याच्या जोडीला शिष्यवृत्ती, कमवा आणि शिका किंवा अर्धवेळ काम लागतंच.

पैसा कसा वापरायचा हेही शिकावं लागतं. संस्थेत जेवण ताटात येतं, साबण मोजून मिळतो, वीजबिल कधी दिसत नाही. बारा वर्षं असं राहिलेल्या मुलाच्या हातात पहिला पगार पडला की तो महिन्याच्या दहा तारखेला संपतो, मित्राला उसने जातात, फोन हप्त्यावर येतो. हा त्याचा दोष नाही. आपल्या मुलांना किराणा आणायला पाठवता पाठवता आपण जे शिकवतो ते त्याला कुणी शिकवलंच नाही. काही अधीक्षक सोळाव्या वर्षापासून मुलांना बाजारात पाठवतात, आठवड्याचा भाजीचा हिशोब लिहायला लावतात, बँकेत स्वतः स्लिप भरू देतात. हे प्रत्येक संस्थेत व्हायला हवं, आणि त्याला सरकारी निधी लागत नाही.

भाड्याची खोली हा दुसरा अडथळा. घरमालक विचारतो, घरचे कुठले? वडील काय करतात? जामीन कोण? बालगृहात वाढलो म्हटलं की आवाज बदलतो. मुलींच्या बाबतीत तर दार बंदच होतं. सखी निवास म्हणजे नोकरी करणाऱ्या महिलांची वसतिगृहं हा मुलींसाठी एक मार्ग आहे, पण त्याला नोकरी किंवा प्रशिक्षण हवं.

मुलींबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. अठरा झाली की लग्न लावून दिलं, म्हणजे मुलगी मार्गी लागली, असा विचार अनेक भल्या माणसांच्या मनात असतो. मांडव पडतो, पाहुणे येतात, भांडी-कुंडी दिली जातात. पण जिला माहेर नाही तिचं सासरी बिनसलं तर ती कुठे जाणार? शिक्षण किंवा हातात काम येण्याआधी लावलेलं लग्न तिला पुन्हा एकदा दुसऱ्याच्या मर्जीवर सोडतं. तिला स्वतःला लग्न करायचं असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण ते आफ्टरकेअरच्या ऐवजी होऊ नये.

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचाही विचार वेगळा करावा लागतो. पंढरपूरच्या पालवी प्रकल्पात अशी मुलं अनेक वर्षं सांभाळली गेली आहेत. औषधं आता इतकी चांगली आहेत की ही मुलं मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, गोळ्या मोफत मिळतात, पण त्या रोज घ्याव्या लागतात, आणि संस्था सुटल्यावर पहिली मोडते ती हीच सवय. खोलीतल्या सोबत्यांसमोर डबी काढायला संकोच वाटतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने नोकरी देताना किंवा घर भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी घातली आहे, संमतीशिवाय दुसऱ्याची माहिती उघड करायलाही. हे त्या मुलांना बाहेर पडण्याआधीच नीट सांगितलं पाहिजे.

जे या व्यवस्थेत येतच नाहीत

समाजकल्याणच्या वसतिगृहात, आश्रमशाळेत किंवा एखाद्या देवस्थानच्या वसतिगृहात वाढलेली मुलं कितीही निराधार असली तरी ती बाल कल्याण समितीच्या आदेशाने तिथे आलेली नसतात. त्यामुळे आफ्टरकेअर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. आजीकडे, मावशीकडे वाढणाऱ्या मुलांचंही तेच. त्यांच्यासाठी राज्याची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. तीत २०२३ पासून महिना २,२५० रुपये मिळतात, आणि तेही अठरा वर्षं पूर्ण होताच थांबतात. मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून मिळणारी मदत, महिना ४,००० रुपयांचं आहे, त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत लागतं. या दोन योजना घराघरांत नीट पोहोचल्या तर विडी वळणाऱ्या आईला आपली मुलं संस्थेत ठेवावीच लागणार नाहीत. माझ्या मते आफ्टरकेअरचा विचार इथून सुरू व्हायला हवा.

दुसरीकडे काय करतात याची एक झलक. इंग्लंडमध्ये २००० साली संस्था किंवा पालक-कुटुंब (दुसऱ्याचं मूल सांभाळणारं कुटुंब) सोडणाऱ्या तरुणांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात प्रत्येकासाठी एक ठरलेला सल्लागार असतो आणि २०१७ च्या कायद्यानंतर तो पंचवीस वर्षांपर्यंत मिळू शकतो. पालक-कुटुंबात वाढलेल्यांना, त्यांची आणि त्या कुटुंबाची इच्छा असेल तर, एकवीसपर्यंत तिथेच राहता येतं. तिथेही तक्रारी पुष्कळ आहेत. पण एका ठरलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर मुलाच्या हातात असणं, ही गोष्ट आपल्याकडे उचलण्यासारखी आहे. कक्षातली माणसं बदलत राहतात, समितीची मुदत तीन वर्षांची असते. मुलाला मात्र तेच ओळखीचं माणूस हवं असतं.

सोलापूरकर काय करू शकतात

बालगृहात वाढदिवस साजरा करायला जाणारी मंडळी आपल्या शहरात पुष्कळ आहेत. मनात प्रेमच असतं. पण फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नयेत. कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख कुठल्याही माध्यमातून उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो फोटो वीस वर्षांनीही सापडतो.

केकपेक्षा जास्त उपयोगाच्या गोष्टी आहेत. अधीक्षकांना भेटून, रीतसर परवानगी घेऊन, सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाच्या कागदपत्रांमागे लागता येतं. निवृत्त तलाठी, बँकेतले कर्मचारी, शाळेतले लिपिक यांना कुठल्या टेबलावर काय अडतं हे इतरांपेक्षा चांगलं कळतं. चादर-टॉवेलच्या कारखानदारांना आणि गणवेश शिवणाऱ्यांना रीतसर शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येतं, विद्यावेतन देऊन, कॉलेजच्या वेळा सांभाळून. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी भाडेकरार करून द्यावा. भाडं सोडावं लागत नाही, पत्त्याचा पुरावा दिला तरी खूप झालं.

एखादी मुलगी किंवा मुलगा पुढच्या सहा महिन्यांत अठरा पूर्ण करणार असेल तर अधीक्षकांना तीन प्रश्न विचारावेत. बाहेर पडल्यानंतरचा आराखडा समितीकडे गेला का? पंधराव्या वर्षीची आधारची नोंद झाली का? बँक खातं मुलाच्या स्वतःच्या सहीवर चालेल असं करून घेतलं का? मुलाला स्वतःलाही समितीपुढे उभं राहून मला आफ्टरकेअर हवं असं सांगता येतं, कारण समितीने त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचंच असतं. तो नुकताच बाहेर पडला असेल आणि एकवीसच्या आत असेल तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्यावा, सोबत समितीच्या जुन्या आदेशाची प्रत आणि संस्थेचा राहिल्याचा दाखला जोडावा, आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घ्यावी. समितीकडून दाद मिळाली नाही तर तिच्याबद्दलची तक्रार ऐकण्याचा अधिकार कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे, आणि मुलाशी संबंधित कुणीही ती करू शकतं: शिक्षक, जुना काळजीवाहक, ज्याच्या गॅरेजमध्ये तो काम शिकतो तो मिस्त्रीसुद्धा.